दुकानातल्या बायकांना बसू द्या



गेल्या दिवाळीत आमच्या कापड दुकानात साड्यांच्या काउंटरवर एक बाई कमी पडली, म्हणून आठ दिवस मी उभी राहिले. एरवी माझं दुकानात जाणं म्हणजे हे जेवायला घरी आले की तासभर गल्ल्यावर बसणं. या वेळी सकाळी दहा ते रात्री साडेआठ. तिसऱ्या रात्री पायाची बोटं इतकी सुजली की जोडवी निघेनात. चौथ्या दिवशी सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं आणि टाचेत खिळा घुसल्यासारखं झालं.

सासूबाईंनी तेल कोमट करून दिलं. पाय भिंतीला टेकवून पडले होते तेव्हा डोक्यात आलं, त्याच काउंटरवर आमच्याकडची एक ताई अकरा वर्षं उभी आहे. तिला मी कधी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी विचारलं. तिनं आडोशाला जाऊन साडी जरा वर केली. पोटरीवर निळ्या-जांभळ्या शिरा गाठी मारल्यासारख्या फुगलेल्या. म्हणाली, "वहिनी, रात्री गोळे येतात तेव्हा उठून बसते, दुसरं काय करणार?"

असं का होतं? पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलायचं काम पोटरीचे स्नायू करतात. आपण चालतो तेव्हा हा पंप चालू असतो, एका जागी उभं राहिलो की तो जवळजवळ बंद पडतो. रक्त खाली साठतं, सूज येते, आणि वर्षानुवर्षं हेच चाललं तर शिरा फुगायचा धोका वाढतो. म्हणून दिवसभर हिंडणाऱ्या बाईपेक्षा एका जागी खिळून राहिलेल्या बाईचे पाय जास्त भरून येतात. स्वयंपाकघरातही तेच. आपण ओट्याशी अनवाणी, गुळगुळीत फरशीवर तासन् तास उभ्या असतो, आणि चौका लावला की विचारूच नका.

जे मला उपयोगी पडलं ते सांगते. पायाखाली एक बुटका पाट ठेवायचा आणि थोड्या थोड्या वेळाने पाय बदलत त्यावर टेकवायचा, कमरेलाही बरं वाटतं. उभ्या उभ्या टाचा वर-खाली करायच्या, वीस वेळा, साडीची घडी घालता घालता होतं. ओट्यापुढे जाडसर रबरी मॅट. चप्पल जाड, मऊ तळव्याची. चामड्याशिवायच्या अशा चपला आता सहज मिळतात, तेव्हा "आपल्यात चामडं चालत नाही" ही सबब पातळ सपाता घालायला पुरत नाही. टाच दुखत असेल तर सकाळी अंथरुणातच पंचाचा फास पायाच्या चवड्याला लावून हळू आपल्याकडे ओढायचा, मग जमिनीवर पाय ठेवायचा. रात्री पंधरा-वीस मिनिटं पाय उशीवर उंच. शिरा फुगल्या असतील तर दाब देणारे मोजे मिळतात, पण ते डॉक्टरांना विचारून. मधुमेह असेल तर गरम पाण्यात पाय बुडवू नका, चटका बसलेला कळत नाही. आणि एकच पाय अचानक सुजला, गरम लागला, दुखू लागला तर तेल चोळत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. ती रक्ताची गुठळी असू शकते.

पण हे सगळं सांगून झाल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली. त्या ताईला मी पंचाचा व्यायाम शिकवत होते, आणि तिला बसायला स्टूल नव्हतं. आमच्या दुकानात!

आजेसासऱ्यांच्या वेळी दुकानात गादी होती. पांढरी चादर, लोड, तक्के. विकणाराही बसलेला, गिऱ्हाईकही बसलेलं, मधे लुगड्यांचा ढीग. मग शोरूम झालं, काचेचं काउंटर आलं. गल्ल्यावरची गादी खुर्ची होऊन टिकली, काउंटरमागची मात्र गेली. "बसलेली बाई गिऱ्हाइकाला आळशी दिसते," हे म्हणाले. मला तरी पन्नास वर्षं बसून विकलेल्या आजेसासऱ्यांना कुणी आळशी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

सासूबाईंचं म्हणणं वेगळं. मुनिमहाराज आहारसुद्धा उभ्यानेच घेतात, बाहुबली स्वामी वर्षभर उभे होते, शरीराला सवय लावावी लागते. मी त्यांना एवढंच म्हटलं, ते त्यांनी स्वतः होऊन केलं. या बाईला आपण उभं केलंय, महिन्याच्या पगारावर. आपल्याकडे अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितलेत, त्यात अतिभारारोपण आहे, अन्नपाननिरोध आहे. प्रवचनात उदाहरण नेहमी बैलाचं येतं. बैल आता राहिलेत किती जणांकडे? नोकर माणसं मात्र आहेत. दुकानात स्वच्छतागृह नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुली किती आहेत, ते आपापल्या दुकानात विचारून बघा.

केरळात हे प्रश्न बायकांनीच उचलले. कोझिकोडच्या विजी नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी दुकानांतल्या बायकांना एकत्र केलं, आधी स्वच्छतागृहासाठी, मग बसण्यासाठी. 2018 मध्ये तिथे कायदा बदलला, 2021 मध्ये तमिळनाडूनेही दुकानांत बसायची सोय बंधनकारक केली. कारखान्यांसाठी तर 1948 च्या कायद्यातच उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसायच्या सोयीचं कलम होतं. आपण कायद्याची वाट कशाला बघायची? एका बऱ्या साडीच्या किमतीत दोन स्टुलं येतात.

आमच्याकडे आली. उंच, पाय टेकवायला आडवी दांडी असलेली, म्हणजे बसूनही काउंटरवर हात पोचतो. गिऱ्हाईक नसेल तेव्हा बसायचं, असं ठरलं. विक्री काही कमी झालेली नाही, वही मीच लिहिते. ताईच्या शिरा स्टुलाने जाणार नाहीत, डॉक्टरांना दाखवायला मी तिच्याबरोबर जाणार आहे, खर्च दुकानाचा. फक्त हे आत शिरले की ती अजून धडपडून उठते. मी यांना सांगून ठेवलंय, आत येताना तिच्याकडे बघूच नका, सरळ गल्ल्याकडे जा.