जात्यावरचा वेळ

अकोले गावाहून भंडारदऱ्याकडे जाताना राजूर लागते. महादेव कोळी आणि ठाकर समाजाचा हा डोंगराळ मुलूख. विजेची गिरणी येण्यापूर्वी इथल्या बायांनाही, महाराष्ट्रभरातल्या बायांसारखे, पहाटे जाते ओढावे लागे. अंधारात घड्याळ कोण पाहणार? दळण किती उरले, हे टोपलीतले धान्य सांगे. पण वेळ सरे तो ओवीने. दगडाची घरघर हाच ठेका, आणि दुखरे खांदे गाण्यात थोडे विसरले जात.

ओवी पाठ कशी राहते, याचे उत्तर चालीत आहे. संशोधक वांडा वॉलेस यांनी 1994 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तीच चाल कडव्यामागून कडव्यात ऐकल्यावर लोकांना शब्द अधिक आठवले. अक्षर न शिकलेल्या बायांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. माहेर, भाऊ, दुष्काळ, विठ्ठल, सारे त्यांनी एका चालीत जपले.

अभ्यासक हेमा राईरकर आणि गी प्वाटव्हाँ यांनी गावोगावच्या बायांच्या साथीने अशा 1 लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. 2017 पासून ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळाने त्या प्रसिद्ध केल्या. हे काम मोलाचे आहे, पण पुरेसे नाही. जाते थांबले की हाताची आठवण जाते, आणि तिच्याबरोबर ओवीही.

राजूरला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, परिसरात आश्रमशाळा आहेत. तिथल्या शिक्षकांनी येत्या दिवाळीच्या सुटीत मुलांना एकच अभ्यास द्यावा: आजीला जात्याशी बसवा, खुंटा धरू द्या आणि तिचा आवाज मोबाइलवर टिपून आणा.