पंक्तीचा हक्क

धर्मांतर केलें म्हणून कोणाचा वारसा बुडूं नये असें १८५० च्या एकविसाव्या कायद्यानें ठरविलें. कायदा चांगला होता, आणि म्हणूनच त्यावर ओरडहि पुष्कळ झाली. परंतु शेत, वाडा व दागिने यांवरील हक्क राखणाऱ्या या कायद्यास पंक्तींतील जागा मात्र राखतां आली नाहीं. ख्रिस्ती झालेल्या मनुष्यास बापाची जमीन मिळूं शके. त्याच्या पानाशेजारीं पान मांडावयास कोणी धजत नसे. पुरुषाला निदान कचेरी होती, बाजार होता. स्त्रीचें सारें जग चुलीपासून पंक्तीपर्यंत. तेथून तिला उठविलें म्हणजे जगांतूनच उठविलें. तेव्हां ख्रिस्ती बायकांच्या मंडळांत प्रार्थनेनंतर जें प्रीतिभोजन होतें, त्यास कोणी नुसती खाण्यापिण्याची हौस समजत असेल तर त्याला आमच्या समाजाचा इतिहास ठाऊक नाहीं असेंच म्हणावें लागेल.

त्या इतिहासांतील एक प्रकरण पुणेकरांस तोंडपाठ आहे. १८९० च्या ऑक्टोबरांत पंचहौद मिशनमध्यें शहरांतील बडी बडी मंडळी जमली व पुढें आलेला चहा कित्येकांनीं घेतला. नांवें छापून आलीं, ग्रामण्य झालें, शंकराचार्यांकडे फिर्याद गेली, आणि १८९२ त न्यायमूर्ति रानड्यांसारख्या पुरुषानें प्रायश्चित्त घेतलें. हा प्रसंग रमाबाई रानड्यांनीं आपल्या आठवणींत सांगितला आहे. विद्वान पुरुषांना एका पेल्यासाठीं हें भोगावें लागलें. मग परधर्माच्या पंगतीस बसणाऱ्या निराधार विधवेची काय कथा!

पंडिता रमाबाईंनीं १८८९ त मुंबईस शारदासदन काढलें व पुढच्याच वर्षीं तें पुण्यास आणलें. त्या स्वतः १८८३ पासून ख्रिस्ती. तरी सदनांतील ब्राह्मण मुलींस सोंवळेंओंवळें पाळण्याची पूर्ण मोकळीक होती. चूल निराळी राहिली, पण बाईंच्या प्रार्थनेच्या खोलीचें दार उघडें होतें, आणि वादळ उठलें तें त्या दारावरून. १८९३ त पालकांनीं मुली काढून नेल्या, रानडे व भांडारकर यांनींहि सल्लागारपद सोडलें. दिलेल्या आश्वासनाचा भंग झाला कीं नाहीं यावर वकिली वाद आजहि घालतां येईल, व दोन्ही बाजूंना मुद्दे सांपडतील. पण १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून सुमारें तीनशें भुकेल्या मुलीबायका केडगांवीं आणल्या गेल्या तेव्हां वाद घालणारे कोठें होते, हाहि प्रश्न विचारला पाहिजे. त्या केडगांवच्या मुक्ति मिशनांत म्हाताऱ्या व अपंग बायकांसाठीं प्रीतिसदन म्हणून निराळें घर होतें. तरुण विधवेस शिकवून मार्गास लावणें हें सुधारकांस सुचलें होतें. जिला आतां कांहींच शिकवावयाचें नाहीं अशा थकलेल्या बाईलाहि घर व सोबत पाहिजे, हें सुचावयास निराळें मन लागतें.

नगरकडचें उदाहरण याहून अधिक बोलकें आहे. रेव्हरंड टिळक १८९५ त ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई त्यांच्यामागें लगेच गेल्या नाहींत. कांहीं वर्षें त्या दूर राहिल्या, आणि नवऱ्याकडे परतल्यावरहि त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळें. हें वेगळेपण कोणा पाद्र्याच्या प्रवचनानें गेलें नाहीं. माणसामाणसांत जात देवानें केली काय, या प्रश्नाचा त्यांनींच आपल्याशीं निकाल लावला, व मग बाप्तिस्मा १९०० त घेतला. आधीं पंक्ति व मागाहून पंथ, हा क्रम लक्षांत घेण्यासारखा आहे. टिळक १९१९ त वारले. त्यांचें अपुरें ख्रिस्तायन पुरें केलें तें शाळेचें तोंड न पाहिलेल्या या बाईनें, आणि स्मृतिचित्रांचा पहिला भाग १९३४ त, वयाच्या पासष्टीनंतर बाहेर आला. म्हातारपणीं श्रद्धा म्हणजे जपमाळ घेऊन कोपऱ्यांत बसणें, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनीं तें पुस्तक एकवार वाचावें.

ख्रिस्ती शास्त्रांत याला आधार जुना आहे. प्रेषितांच्या कृत्यांत पहिल्या मंडळींतील एक तक्रार नमूद आहे: रोजच्या अन्नवांटणींत ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतें अशी, आणि तिच्या निवारणार्थ सात माणसें नेमावीं लागलीं. तीमथ्याच्या पत्रांत साठ वर्षांवरील विधवांची यादी ठेवण्याचा नियम आहे. करिंथकरांस तर, श्रीमंत आधीं जेवून घेतात व गरीब उपाशी राहतात म्हणून, चांगलेंच फटकारलें आहे. म्हणजे पंक्तिभेदाचा रोग तिकडेहि होताच. आमच्याकडील ख्रिस्ती मंडळ्यांतून तो समूळ गेला आहे असें आम्ही म्हणत नाहीं; पूर्वीची जात विवाहाच्या वेळीं तेथेंहि डोकें वर काढते. फरक एवढाच कीं, तेथें ती धर्माची आज्ञा म्हणून मिरवतां येत नाहीं.

आज मार्चच्या पहिल्या शुक्रवारीं होणाऱ्या जागतिक प्रार्थनादिनीं निरनिराळ्या पंथांच्या बायका एकत्र येतात, आणि उपासनेच्या जोडीला फराळहि होतो. यांत आमिष आहे अशी शंका राष्ट्राभिमानी म्हणविणारे कित्येक काढतात. राष्ट्राभिमान आम्हांसहि आहे. म्हणूनच आम्ही विचारतों कीं, सत्तरीच्या म्हातारीस घासभर पुलावाचें आमिष पुरेल इतकी ती एकटी पडली असेल, तर दोष कोणाचा? २०११ च्या खानेसुमारींत साठ वर्षांवरील स्त्रिया सव्वापांच कोटींवर होत्या. त्यांच्यासाठीं २००७ चा निर्वाहाचा कायदा आहे. राज्यांना घालून दिलेली कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपयांची. न्यायाधिकरणाच्या हुकुमानें पैसा येईल, पण शेजारीं बसून जेवणारा येणार नाहीं.

आणि आम्हांला हें उसनें आणावयास नको. गोपाळकाला आमचाच आहे. कासारसाईच्या धरणाकाठीं सहलीस आलेलीं कुटुंबें डबे उघडून एकमेकांना वाढतात, तेथें कोणी जात पुसत नाहीं. देहू तेथून फार लांब नाहीं. मग गांवोगांवच्या भजनीमंडळांनीं महिन्यांतून एक दिवस आळींतील सर्व जातींच्या, सर्व धर्मांच्या वृद्ध स्त्रियांस एका पंक्तीस कां बोलावूं नये? आमच्या व्यापारी वाचकांपैकीं ज्यांनीं यंदां भंडारा घालावयाचें योजिलें असेल, त्यांनीं त्यांतील एक पंगत या कामीं द्यावी. पाटांऐवजीं खुर्च्या मांडाव्या, कारण गुडघे वांकत नाहींत. भात मऊ असावा. आणि जिला जिना उतरवत नाहीं तिला आणावयास घरचा मुलगा पाठवावा, नोकर नव्हे.