हायब्रिड गाडी आणि आपला ऊस



पिंपळे गुरवला राहणारे आपले काही सभासद विचारतात, "साहेब, ऊसबिलातून हायब्रिड गाडी घ्यावी का?" आम्ही सरळ सांगतो. दापोडी-सांगवीच्या गर्दीत रोज चालवणार असाल, तर जरूर घ्या. संथ चालीत ती बरीचशी बॅटरीवर चालते, ब्रेक दाबला की बॅटरी भरते. नुसती लग्नसराईला काढायची असेल, तर जादा पैसे वसूल व्हायचे नाहीत. त्यापेक्षा ठिबक करा.

मात्र २९ ऑगस्ट २०२३ रोजी दिल्लीत इथेनॉलवरील हायब्रिड इनोव्हा हायक्रॉसचा नमुना सादर झाला. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी; ती तूट हायब्रिड काही अंशी भरून काढते. अशा गाड्या वाढल्या, तर गिऱ्हाईक आपल्याच उसाला. म्हणून गाडी मागाहून, आधी एकरी टनेज वाढवा!