किल्ली एकाच्याच उशाशी

ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसचे नेते तुरुंगात गेले, वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झाली, आणि मुंबईतल्या काही तरुणांनी स्वतःच बातम्या देण्याचे ठरवले. उषा मेहता तेव्हा २२ वर्षांच्या होत्या. विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी आणि इतर सोबत्यांसह त्यांनी ४२.३४ मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. २७ ऑगस्टला चौपाटीजवळच्या एका इमारतीतून पहिले प्रक्षेपण झाले. पोलीस मागावर होते, म्हणून यंत्र फिरत राहिले: लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड, गिरगावातली पारेखवाडी. १२ नोव्हेंबरला पारेखवाडीत सगळे संपले. जागा बदलून पोलिसांना चुकवता आले होते. पण यंत्राचे काम करणारा एक तंत्रज्ञ त्यांच्या हाती लागला आणि त्याच्याकडूनच ठावठिकाणा मिळाला. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली.

विकेंद्रित संदेशवहनासाठी विनामोबदला राबणाऱ्या आजच्या तरुणांकडे पाहताना मला पारेखवाडी आठवते, कारण तिथेही सगळे एका माणसापाशी येऊन अडले. दादर-परळमधली माझ्या ओळखीची काही मुले दिवसभराची नोकरी उरकून रात्री मॅट्रिक्स किंवा एक्सएमपीपी ह्या संदेशप्रणालींचा सर्व्हर सांभाळतात, मराठी भाषांतरे करतात, अडलेल्याला मदत करतात. त्यांची निष्ठा खरी आहे. ईमेलसारखीच ही रचना आहे: कोणीही आपला सर्व्हर उभारावा, दुसऱ्यांच्या सर्व्हरवरच्या माणसांशी बोलावे, आणि एका कंपनीने दार लावले म्हणून सगळ्यांचे बोलणे थांबू नये. हे काम होणे गरजेचे आहे. पण ते आज ज्या तऱ्हेने चालले आहे त्याची मला धास्ती वाटते. जाळे विकेंद्रित आहे, त्याचा भार मात्र नाही.

एक सर्व्हर म्हणजे बहुतेक वेळा एक माणूस. डोमेन त्याच्या नावावर, भाडे त्याच्या कार्डावर, पासवर्ड त्याच्या लॅपटॉपमध्ये, बॅकअप घेतला की नाही हे फक्त त्यालाच ठाऊक. त्याचे लग्न ठरते, नोकरी बदलते, आई आजारी पडते. मग दोनशे माणसांची संभाषणे एका सकाळी गप्प होतात.

गप्प होणे एक वेळ परवडले. जाबर डॉट आरयू ह्या जुन्या एक्सएमपीपी सेवेचे सर्व्हर जर्मनीत होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये उघड झाले की निदान ९० दिवस कोणी तरी मधेच बसून तिची वाहतूक वाचत होते. उघड कसे झाले? ऐकणाऱ्याने परस्पर मिळवलेल्या सर्टिफिकेटची मुदत संपली आणि ते त्याने वेळेवर बदलले नाही. म्हणजे पाळत पकडली गेली ती पाळत ठेवणाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे. ज्यांचे संदेश दोन्ही टोकांना कुलूपबंद होते त्यांचा मजकूर सुरक्षित राहिला. बाकीच्यांचा उघडाच होता. रोज नोंदी तपासायला तिथे चार जण असते तर काय झाले असते, हा प्रश्न मला सोडत नाही.

दुसरे उदाहरण २०२४ चे. एक्सझेड ही फायली लहान करणारी छोटीशी आज्ञावली असंख्य लिनक्स यंत्रांत असते. लासे कॉलिन हा एकटा माणूस ती वर्षानुवर्षे फुकट सांभाळत होता. कामाला वेळ पुरत नाही, मनस्वास्थ्य ठीक नाही, असे त्याने जाहीरपणे सांगितलेही होते. त्याच काळात अनोळखी नावे त्याच्यावर तगादा लावत होती, आणि ‘जिया टॅन’ नावाचा एक मदतनीस दोन वर्षे गोडीगुलाबीने काम करून विश्वासू झाला. मग त्याने चोरदरवाजा बसवला. अँड्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो अशी शंका आली नसती, तर तो चोरदरवाजा कितीतरी ठिकाणी पोचला असता. थकलेल्या स्वयंसेवकाला मदतीचा हात हवाच असतो, आणि फसवणारा तोच हात पुढे करतो.

कायद्याची बाजू तर मुलांना माहीतच नसते. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ‘मध्यस्थ’ ह्या व्याख्येत दुसऱ्याचे संदेश साठवणारी किंवा पोचवणारी व्यक्तीही येते, फक्त कंपनी नव्हे. सर्ट-इन ह्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटनेची खबर ६ तासांत द्यायची आणि नोंदी १८० दिवस ठेवायच्या. मे २०२३ च्या सुरुवातीला केंद्र सरकारने १४ संदेश अ‍ॅप बंद केल्याची बातमी आली. त्यांत एलिमेंट आणि ब्रायर ही मुक्त स्रोताची अ‍ॅपही होती. उद्या परळच्या खोलीत सर्व्हर चालवणाऱ्या मुलाच्या दारात नोटीस आली, तर वकील कोण देणार? मोठ्या कंपनीकडे त्यासाठी अख्खा विभाग असतो.

ह्या प्रश्नाचे उत्तर ह्याच गिरगाव-परळच्या सवयीत आहे, असे मला मनापासून वाटते. गिरगावात केशवजी नाईक चाळीचा गणेशोत्सव १८९३ पासून चालू आहे, लालबागच्या मंडळांनीही कित्येक दशके पाहिली. ती एका उत्साही माणसाच्या जिवावर टिकली नाहीत. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार असतात, वर्गणीची पावती फाडली जाते, दानपेटी चारचौघांसमोर उघडून मोजली जाते. मंडळांत भांडणे होतात, गटबाजी होते, हेही मी पाहिले आहे. तरी म्हातारा कार्यकर्ता गेला म्हणून गणपती बसायचा राहत नाही.

ओपन सोर्सवाल्यांना ही कार्यालयीन कटकट वाटते. नोंदणी, हिशेब, सभेचे इतिवृत्त ह्यांत कोड लिहिण्याची मजा नाही हे कबूल. पण जिथे युनियनचा कार्यकर्ता, मारहाणीतून सुटू पाहणारी बाई, बातमीदार आपले बोलणे ठेवायला येतात, तिथे एकट्याच्या हौसेवर विसंबणे त्यांच्यावर अन्याय आहे. फ्रान्सचे सरकार आपल्या कर्मचाऱ्यांसाठी मॅट्रिक्सवरच ‘चॅप’ चालवते, आणि तिथे ते सांभाळणे हे कोणाच्या तरी नोकरीचे काम आहे. आपल्याकडे निदान वर्गणी असावी, निदान तिघांकडे किल्ल्या असाव्यात.

म्हणून ह्या कामात नव्याने येणाऱ्या मुला-मुलींनी पहिल्याच आठवड्यात विचारावे: डोमेन कोणाच्या नावावर आहे, बॅकअप शेवटचा परत चालवून कधी पाहिला, पैसे कोण भरतो. आणि जो आज एकटा सर्व्हर सांभाळतो आहे, त्याने ह्या रविवारी बसून सगळे पासवर्ड, देण्याच्या तारखा आणि वापरणाऱ्यांना कळवण्याचा मार्ग लिहून पाकीट बंद करावे आणि ते विश्वासातल्या दोघांकडे द्यावे.