सीलबंद डब्यातला जुना मोबाईल

या प्रकरणात पहिली चूक माझी आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

माझ्या वर्गातल्या एका मुलाची अम्मी त्याच्यासाठी मोबाईल घ्यायला निघाली तेव्हा मला सोबत घेऊन गेली. बाई घरी शिवणकाम करतात. दोन वर्षं भिशी भरून पैसे जमवले होते. "सर, तुम देख लेव, हमना क्या समझता," म्हणाल्या. मी डबा हातात घेतला, उलटसुलट केला, वरचं प्लास्टिकचं सील पाहिलं आणि बी.एड. झालेल्या माणसाच्या आत्मविश्वासाने सांगून टाकलं, "नया है, ले लेव." ११,५०० रुपये मोजले.

सातव्या महिन्यात बॅटरी फुगली आणि स्क्रीन एका कडेने उचलला गेला. वर्षाची वॉरंटी आहे म्हणून आम्ही निर्धास्त होतो. कंपनीच्या वेबसाइटवर आयएमईआय नंबर टाकला, तर वॉरंटी संपल्याची तारीख आम्ही फोन घेतला त्याच्या एक महिना आधीची निघाली. म्हणजे आमच्या 'नव्या' फोनने आमच्याआधी कुणाच्या तरी खिशात वर्ष काढलं होतं.

मग सीलचं काय? मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला विचारलं. तो हसला. "सर, तसं प्लास्टिक रोलने मिळतं. फोन डब्यात ठेवायचा, गुंडाळायचा, गरम हवा द्यायची. झालं सील." फोल्डर, म्हणजे काचेसकट पूर्ण डिस्प्ले, बदलला आणि मागचं झाकण नवं लावलं की वर्षभर घासलेला फोन परत नवरीसारखा दिसतो, हेही त्यानेच सांगितलं.

वापरलेला, दुरुस्त केलेला फोन विकणं वाईट आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. उलट गरजवंताला तो फायद्याचा सौदा असतो. आपल्याकडे शिलाई मशीन जुनी घेतली, सायकल जुनी घेतली, मोठ्या भावाची पुस्तकं धाकट्याने वापरली. त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. तोच फोन 'वापरलेला आहे, बॅटरी आणि फोल्डर बदललंय, सहा हजार द्या, तीन महिन्यांची हमी' असं सांगून विकला असता तर बाईंनी कदाचित आनंदाने घेतला असता. उरलेल्या पैशांत मुलाची वर्षभराची वह्या-पुस्तकं आली असती. 'रिफर्बिश्ड' हा शब्दही मला खटकतो. डब्याच्या कोपऱ्यात बारीक इंग्रजीत तो छापला की दुकानदार म्हणायला मोकळा, 'लिहिलं होतं ना!' ज्या गिऱ्हाइकाला तो वाचता येत नाही, त्याला सांगितलं असं कसं म्हणायचं?

पैगंबरांचा (स.) धान्याच्या ढिगाचा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. त्यांनी बाजारात एका ढिगात हात घातला तर आत ओल लागली. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजलं. त्यावर त्यांनी विचारलं की मग ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं. पावसाबद्दल त्या माणसाला कुणी बोल लावला नव्हता. ज्या दुकानात आम्ही फसलो तिथे गल्ल्याच्या मागे सुंदर फ्रेममध्ये आयत लावलेली आहे, आणि बाईंनी ते दुकान निवडलं ते 'अपना आदमी है' म्हणूनच. दुसऱ्या दुकानात त्यांनी कदाचित चार प्रश्न जास्त विचारले असते. आपल्या माणसाकडून आपलीच जास्त फसवणूक होते ती अशी.

आता मला उशिरा सुचलेलं शहाणपण. पैसे देण्याआधी, दुकानातच उभं राहून *#०६# दाबा. पंधरा आकडी आयएमईआय दिसेल. दोन सिमचा फोन असेल तर दोन नंबर. तो डब्यावरच्या नंबराशी आकडान् आकडा जुळवा. मग इंग्रजीत केवायएम ही तीन अक्षरं, एक जागा सोडून तो नंबर, असा मेसेज १४४२२ वर पाठवा. दूरसंचार विभागाच्या या सोयीतून फोनची कंपनी आणि मॉडेल कळतं, तो काळ्या यादीत आहे का तेही कळतं. उत्तरात एक मॉडेल आणि हातात दुसरं असेल तर डबा तिथेच ठेवून निघा. आयएमईआयशी छेडछाड हा २०२३ च्या दूरसंचार कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. ते झेंगट आपल्या मुलाच्या खिशात नको. पण हा मेसेज फोन जुना की नवा ते सांगत नाही. ते काम वॉरंटीची तारीख करते. कंपनीच्या वेबसाइटवर नंबर टाका. दुकानात पडून राहिलेल्या नव्या फोनची तारीखही कधी थोडी मागची दिसते, पण वर्षभर मागची दिसणार नाही. आयफोन असेल तर सेटिंगमध्ये मॉडेल नंबरचं पहिलं अक्षर पाहा: एम म्हणजे नवा, एफ म्हणजे कंपनीनेच दुरुस्त केलेला, एन म्हणजे बदली दिलेला. आयफोन १५ पासून पुढे बॅटरी किती वेळा चार्ज झाली आणि पहिल्यांदा कधी वापरली, तेही तिथेच दिसतं. चार्जिंगच्या भोकाशी ओरखडे, स्क्रूवर पेचकसाच्या खुणा, कडेला डिंकाचा माग हेही बघावं. मात्र हुशार कारागीर यातलं काही मागे ठेवत नाही.

आणि पक्कं बिल. जीएसटी वाचवतो म्हणून आम्ही कच्च्या चिठ्ठीवर सौदा केला. चिठ्ठीवर मॉडेलचं नाव, किंमत आणि 'नो वॉरंटी' असा शिक्का. ही माझी दुसरी चूक. आयएमईआय लिहिलेलं बिल नाकारणाऱ्या दुकानदाराने आपल्या मालाबद्दल सगळं सांगून टाकलेलं असतं.

कायदा मात्र बाईंच्या बाजूने आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. त्यात जुना, वापरलेला किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणं स्पष्ट शब्दांत आहे, आणि बिल न देणंही आहे. १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील लागत नाही, मुदत दोन वर्षांची.

आमच्याकडे पुरावा एवढाच: ती चिठ्ठी, डबा, वॉरंटीच्या पानाचा फोटो आणि ११,५०० पैकी ३,५०० रुपये, जे रोख कमी पडल्यामुळे मुलाच्या मामूने फोनवरून पाठवले होते. ते कमी पडले नसते तर व्यवहाराची नोंदही राहिली नसती. मी अर्ज मराठीत लिहून ठेवला आहे. फसवणुकीच्या वेळी सल्ला कुणी दिला होता, हेही त्यात लिहिलं आहे.

परवा दुकानदाराचा निरोप आला. सात हजार देतो, फोन परत करा आणि विषय मिटवा. मोहल्ल्यातली गोष्ट मोहल्ल्यातच राहू द्या. बाईंना पैशांची नड आहे. त्यांनी विचारलं, "सर, ले लूँ क्या?" गेल्या वेळी दुकानात मी एका मिनिटात उत्तर दिलं होतं. या वेळी दोन दिवस मागून घेतले आहेत.