संगणकांतील वाद्य व हातांतील लगाम

बाजाची पेटी आपल्या घरांत व शाळांत रुळलेली असली, तरी सन १९४० मध्यें ऑल इंडिया रेडिओनें तिला आपलें दार बंद केलें, व ती बंदी १९७१ पर्यंत टिकली. मुख्य आक्षेप असा कीं, पेटीचे स्वर जागचे हलत नाहींत. त्यांतून मींड किंवा आंदोलन निघत नाहीं. आज वैजापुरासारख्या तालुक्याच्या गांवींही, घरीं संगणक असल्यास, हवा तसा स्वर वांकविणारें वाद्य विद्यार्थ्यास विनामूल्य मिळूं शकतें. सर्ज नांवाचा सिंथेसायझर त्यांपैकींच एक. २०१८ पासून त्याची घडण सर्वांस खुली आहे. मग जुना आक्षेप मिटला काय? माझ्या मतें त्यानें केवळ रूप पालटलें आहे.

या वाद्यांत स्वर उत्पन्न करणारा भाग वेगळा व त्या स्वरास हलविणारा भाग वेगळा असतो. हलविणाऱ्यांपैकीं एलएफओ ही एक संथ लहर होय. सेकंदास बहुधा वीसांहून कमी आवर्तनें असल्यामुळें ती स्वतः ऐकूं येत नाहीं. जेथें जोडावी तेथें तिचा परिणाम मात्र कळतो. स्वराच्या उंचीस जोडली तर स्वर डोलतो. आवाजाच्या जोरास जोडली तर तो लहानमोठा होतो. फिल्टरास जोडली तर नाद उजळतो व मंदावतो. रॉबर्ट मूग यांच्या १९६४ सालच्या यंत्रांत ही जोडणी तारांनीं करीत. आतां ती पडद्यावर होते. असल्या विजेच्या वाद्यांस राग वर्ज्य नाहींत, हें मुंबईच्या चरणजित सिंग यांनीं १९८२ मध्यें दहा रागांची तबकडी काढून दाखविलें आहे.

परंतु ही लहर घड्याळाची चाकर आहे. सेकंदास पांच वेळां म्हटलें कीं पांच वेळां, आणि प्रत्येक वेळीं सारखीच. दरबारी कानड्यांतील कोमल गंधार गवई आंदोलित करितो, तेव्हां कोणतींही दोन आंदोलनें तंतोतंत सारखीं नसतात. कोणी म्हणेल, यदृच्छेनें बदलणारा स्रोतही जोडतां येतो. खरें; पण अनियमितपणा म्हणजे भाव नव्हे.

उपाय सोपा आहे. कळफलकाच्या डाव्या बाजूचें मॉड्युलेशनचें चक्र त्या लहरीच्या मात्रेस जोडावें. चक्र खालीं असतां स्वर निश्चल. वर सरकवावें तसा तो डोलूं लागतो. लहर यंत्राची राहिली, तरी केव्हां व किती हें हातानें ठरविलें.

विद्यार्थिमित्रहो, तयार आवाज निवडून कळ दाबणें म्हणजे दुसऱ्यानें केलेली जोडणी वाजविणें होय. आधीं तो स्वर गळ्यानें गाऊन पाहा, मग एकच जोडणी स्वतः करा, ती ऐका, आणि नंतरच दुसरीकडे वळा. पालकांनीं यासाठीं महाग वाद्य घेण्याची घाई करूं नये. मुलाजवळ बसून एवढेंच विचारावें कीं, "बाळ, हा स्वर कोण हलवितो, आणि किती?" त्याला उत्तर देतां आलें, तर तो संगणकापुढें संगीत शिकत आहे असें खुशाल समजावें.