शोध नेमका कशात घ्यायचा?

एका फाइलीत शब्द शोधणे हा केव्हाच सुटलेला प्रश्न आहे. केन थॉम्प्सन यांचे ‘ग्रेप’ हे शोधसाधन १९७३ सालचे. तोच शोध एडिटरमधून दहावीस दस्तऐवजांत घ्यायचा म्हटले, की अडचण जुळणीची उरत नाही. दस्तऐवज म्हणजे डिस्कवरची फाइल, की मेमरीतला अजून सेव्ह न झालेला मजकूर, हे आधी ठरवावे लागते.

व्हीएस कोड या एडिटरने या प्रश्नाला सरळ हात घातला. २०१७ पासून त्याचा फोल्डरभरचा शोध अँड्र्यू गॅलंट यांनी रस्ट भाषेत लिहिलेल्या ‘रिपग्रेप’वर चालतो. ते वेगळ्या प्रोसेसमध्ये चालते आणि अतिशय वेगवान आहे. पण त्याला दिसते ती फक्त डिस्क. म्हणून उघड्या, सेव्ह न केलेल्या फायलींचा मजकूर एडिटर स्वतः तपासतो आणि दोन्हीकडचे निकाल एकत्र करतो. हा जोड कच्चा राहिला, तर नुकताच खोडलेला शब्दही यादीत झळकतो.

वर्ड प्रोसेसरमध्ये काम आणखी किचकट. ओडीटी काय किंवा डॉकएक्स काय, मुळात झिप केलेले एक्सएमएलच. ‘महाराष्ट्र’मधला ‘महा’ तेवढा ठळक केला, की शब्द दोन टॅगांत तुटतो आणि कच्च्या एक्सएमएलमध्ये सलग सापडत नाही. मजकूर आधी एकसंध करून घ्यावाच लागतो. लिक्स (LyX) या लेखन-सॉफ्टवेअरच्या प्रगत शोधात चालू दस्तऐवज, मास्टर दस्तऐवज की सगळे उघडे दस्तऐवज, हे वापरणाऱ्यालाच निवडता येते. ही निवड प्रत्येक एडिटरने समोर ठेवायला हवी.

निकालाची जागा नुसत्या अक्षरक्रमांकाने साठवणे धोक्याचे. वर एक ओळ घातली, की खालचे सगळे क्रमांक चुकतात. इमॅक्स एडिटरचे ‘मार्कर’ मजकुराबरोबर सरकतात. आराखडा करताना तोच आदर्श धरावा.

मराठीसाठी काम करणाऱ्यांनी मात्र सर्वांत जास्त लक्ष ‘ऱ्या’कडे द्यावे. युनिकोडमध्ये ‘दऱ्या’ दोन तऱ्हांनी लिहिता येतो: नुक्त्याचा ‘ऱ’ वापरून, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि अदृश्य झेडडब्ल्यूजे (झीरो विड्थ जॉइनर) हे जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एकाचा शोध घेतला तर दुसरा सापडत नाही. युनिकोडच्या एनएफसी प्रमाणीकरणानेही हा फरक मिटत नाही. झेडडब्ल्यूजे सरसकट गाळावा, तर डोंगरातल्या दऱ्यांचा ‘दर्या’, म्हणजे समुद्र होतो! तेव्हा झेडडब्ल्यूजेचे रूप ‘ऱ’च्या रूपात आणायचा नियम शोधाच्या तळच्या थरात, एकाच जागी बसवावा. तसे करताना अक्षरांची संख्या बदलते, म्हणून मूळ मजकुरातल्या जागांचा नकाशा जपावा, नाहीतर ‘सगळे बदला’ म्हणताच भलतीच अक्षरे कापली जातील. चाचणीसाठी ‘दऱ्या’ची दोन्ही रूपे आणि ‘दर्या’ वेगवेगळ्या फायलींत ठेवावीत, आणि त्यांतली एक फाइल उघडी, सेव्ह न केलेली असावी.